म्हातारा निवेदक आणि मागे वळणारी कथा

कादंबरीत पिकल्या केसांचा निवेदक आला आणि ‘त्या काळी’ म्हणत मागे वळला, की काही समीक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांचे म्हणणे असे की, सांगणारा जिवंत आहे म्हणजे संकटातून तरला हे पहिल्याच पानावर कळते आणि उत्कंठा संपते. शिवाय गतकाळाचे गोडवे सुरू होतात. गोडव्यांचा धोका खरा आहे, पण उत्कंठेचा मुद्दा टिकत नाही. गो. नी. दांडेकरांच्या ‘पडघवली’त (1955) कोकणातल्या एका गावाची पडझड अंबावहिनी सांगते. गाव मोडणार याची चाहूल लागल्यावरही वाचक पुस्तक मिटत नाही; ते कसे मोडले, कोणाच्या हातून, आणि घरात वावरणाऱ्या बाईला ते केव्हा उमगले, हे त्याला हवे असते. भोगणारी अंबा आणि सांगणारी अंबावहिनी यांच्यामधले अंतर हाच त्या कादंबरीचा ऐवज आहे. तेच सारे त्रयस्थपणे, घडले त्या क्रमाने मांडले असते, तर गावाच्या ऱ्हासाचा अहवाल हाती आला असता.

मग त्यासाठी म्हातारपणच कशाला, असे कोणी विचारील. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीत स्वतःची कहाणी सांगणारी यमू म्हातारी नाही. ‘कोसला’तला (1963) पांडुरंग सांगवीकर तर पंचविशीचा. मान्य. पण तरुण निवेदक मुख्यतः स्वतःतला बदल सांगतो. म्हाताऱ्याच्या बाबतीत भोवतालचे जगच गेलेले असते, साक्षीदारही गेलेले असतात, आणि त्याला खोडून काढणारे कोणी उरत नाही. त्याच्यावर विश्वास का ठेवावा, हा आक्षेप म्हणूनच वजनदार आहे. खांडेकरांनी ‘ययाति’त (1959) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांना बोलते करून एकट्याच्या स्मरणाची मक्तेदारी मोडली. तो एक मार्ग. दुसरा मार्ग अधिक अवघड आहे: स्मरणातली भोके उघडी ठेवायची.

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीचेच घ्या. 16 ऑगस्ट 1942 रोजी तिथे लोक पोलीस ठाण्यावर गेले, गोळीबार झाला. गावकरी मेले, पोलीसही मेले. त्या दिवशी पंधरा वर्षांचा असलेला निवेदक आज शंभरीला टेकलेला असेल. त्याला प्रत्येक घोषणा शब्दशः आठवत असेल, तर ती लेखकाची लबाडी. आयुष्यभर हुतात्म्यांवरची भाषणे ऐकलेल्या या माणसाने स्वतः पाहिलेले किती आणि ऐकलेले किती? मेलेल्या शिपायाबद्दल तो तेव्हा काय म्हणाला असता आणि आज काय म्हणतो? कादंबरी इथे आहे. हे ज्याला झेपत नसेल त्याने निवेदकाचे वय खुशाल कमी करावे. पहिल्या प्रकरणात हाती काठी द्यायची आणि उरलेल्या तीनशे पानांत त्याचे वय विसरायचे, अशा लेखकांनीच हे तंत्र बदनाम केले आहे.