बापाचा पुरावा मागा!

तापीकाठ / तापीकर

बुऱ्हाणपूर सोडून खाली गेलेली तापी नंदुरबार जिल्ह्यात पोहोचते, तिथे सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. गिऱ्हाईक दात पाहतं, चाल पाहतं, भोवरे मोजतं, त्यांतला शुभ मानला जाणारा ‘देवमण’ शोधतं, चारही पाय पांढरे आहेत का ते बघतं. एवढं सगळं पाहून झाल्यावर भाव चढतो तो मात्र एका न दिसणाऱ्या गोष्टीवर : ‘अमुक नामी घोड्याची पैदास आहे, शेठ!’

लाखांच्या सौद्यात हा शब्द तपासून घ्यायला हरकत काय? आयाळीतले किंवा शेपटीतले मुळासकट उपटलेले काही केस डीएनए तपासणीला पुरतात. शिंगराला निम्मा वारसा आईकडून मिळतो, निम्मा बापाकडून. आईकडून न आलेल्या खुणा सांगितलेल्या नरातही सापडल्या नाहीत, तर बाप दुसराच. रेसच्या थरोब्रेडची स्टडबुकात नोंद होताना पितृत्व असंच पडताळतात. मारवाडी, काठियावाडी घोड्यांच्या बाजारात तोंडी वंशावळ का चालावी?

मात्र याच तपासणीच्या नावाखाली कुणी ‘शंभर टक्के शुद्ध रक्ता’चा दाखला विकू लागला, तर सावध राहा. बाप कोण, याचं उत्तर नेमकं मिळतं. शुद्धतेचे टक्के मात्र तुलनेला कोणते घोडे घेतले यावर हलतात. आणि काटकपणा? तो असा एका केसात सापडत नाही.

भीमथडी तट्टांचंच बघा. 1681च्या सुरुवातीला मराठी घोडदळानं आपल्या बुऱ्हाणपूरच्या बहादूरपुऱ्यावर छापा घातला आणि मुघलांच्या हाती न लागता लूट घेऊन निसटलं. त्या घोडदळाचं नाव ज्या तट्टांशी जोडलं जातं, ती ही भीमथडी ऊर्फ दख्खनी जात संपल्यातच जमा धरली होती. धनगरांनी ती टिकवली. मेंढरांच्या वाड्यामागे बिऱ्हाड पाठीवर घेऊन ही तट्टं चालत राहिली. जानेवारी 2024मध्ये भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. आता भाव येईल, तशी उंची आणि देखणेपणासाठी बाहेरचे नर लावायचा मोहही येईल. तिथे बापाची तपासणी कामाची. पण पैदाशीसाठी नर निवडताना तो ओझं घेऊन किती चालतो, हेही पाहावं लागेल.

बाजारापुरता उपाय सोपा आहे. यात्रेतच पशुसंवर्धन खात्यानं नमुने घ्यावेत, खर्च विकणाऱ्यानं सोसावा. अहवाल लगेच येत नाही, म्हणून आज बयाणा द्यावा आणि वंशावळीपोटी लावलेली जादा रक्कम अहवालानंतर. बडा शौकीन फसला तर चार दिवस हळहळतो. वरातीसाठी कर्ज काढून घोडी घेणारा आपला बुऱ्हाणपुरी घोडीवाला फसला तर हप्ते फेडत बसतो. खरं बोलणाऱ्या विक्रेत्याचं यात तपासणीच्या खर्चापलीकडे काही जात नाही. ज्याचं जाईल, त्याचं जायलाच हवं.