कपाटातले हवामान बांधावर यावे

पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नाही, हे पारावर बसलेला कोणीही शेतकरी सांगेल. तो उगाच बोलतो असे समजायचे कारण नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी संपादित केलेला, भारतातील हवामान बदलाचा आढावा घेणारा ग्रंथ २०२० साली प्रसिद्ध झाला. मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या, असे त्यात नमूद आहे. दुसरीकडे, पावसाळ्यातल्या कोरड्या खंडांचे प्रमाण १९५१-८० च्या तुलनेत १९८१-२०११ मध्ये सुमारे २७ टक्क्यांनी जास्त आढळले. म्हणजे एक तर पाऊस ओढ देणार, नाहीतर माती धुऊन नेणार.

या आकड्यांचा पेरणीशी थेट संबंध आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, सोयाबीन रुंद वरंबा सरीवर घ्या, शेततळ्यात एका संरक्षित पाण्याची सोय ठेवा, हे आम्ही विस्ताराचे लोक सांगत असतो. पण त्यामागचे कारण शेतकऱ्याला कळले नाही, तर तो सल्ला एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देतो. त्यात त्याचा काय दोष?

वरील ग्रंथ इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. पण तो इंग्रजीत. राज्यातल्या कृषी विद्यापीठांतले अनेक प्रबंध ‘कृषिकोश’ या डिजिटल भांडारात आहेत, तेही बहुतांश इंग्रजीत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील विद्यापीठे जनतेच्या पैशावर उभी आहेत. तेथील ग्रंथालयात हवामानावरची नवी पुस्तके आली, तर ती परीक्षेपुरतीच का उघडायची?

आता संगणकावर एकच कागद दहा गावांतल्या दहा जणांना एकाच वेळी लिहिता येतो. या सोयीचा उपयोग करावा. विद्यार्थ्याने एका प्रकरणाचा दोन पानी मराठी सारांश लिहावा, विषयतज्ज्ञाने तो तपासावा, कृषी सहायकाने त्याखाली गावातले प्रश्न मांडावेत. तसाच एक सामाईक तक्ता पावसाचा ठेवावा. महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र असले, तरी एका मंडळात कितीतरी गावे असतात. एका शिवारात पाणी तुंबते आणि शेजारच्यात धूळ उडते, हा आपला नेहमीचा अनुभव. गावच्या शाळेतल्या साध्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद त्या तक्त्यात गेली, तर पाच-सात वर्षांत गावाचा स्वतःचा हिशेब तयार होईल.

कोणी म्हणेल, व्हॉट्सॲपचे गट आहेतच की! आहेत, पण तिथला निरोप संध्याकाळपर्यंत वाहून जातो. तो कोणी लिहिला, कोणी तपासला, याचा पत्ता नसतो. तारीखवार जपणे आणि मागितल्यावर काढून देणे, हे काम ग्रंथपालाचेच.

यासाठी मोठी योजना नको. विद्यापीठांनी आठवड्यातून एक दिवस शेतकऱ्यांसाठी ग्रंथालय खुले ठेवावे आणि प्रत्येक कृषी विज्ञान केंद्रात हे मराठी सारांश छापून ठेवावेत. शेतकरी बांधवांनीही हक्काने जाऊन ते मागावेत. मागणाराच नसेल, तर कपाट उघडणार तरी कोण?