रक्तालाच लावलेली खूण

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के वाटा तो एकटा घेतो. १९४०च्या दशकात सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी हा प्रवाह मोजला, तेव्हा माणसाला नायट्रस ऑक्साइड हुंगवून धमनीतून आणि मानेच्या शिरेतून रक्त काढावं लागे. १९९२ मध्ये जॉन डेट्रे, डोनाल्ड विल्यम्स, अ‍ॅलन कोरेट्स्की आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर वेगळी वाट दाखवली. एमआरआय यंत्रात मानेतून वर चढणाऱ्या रक्तातल्या पाण्याची चुंबकीय दिशा रेडिओलहरींनी उलटवायची, दोनेक सेकंद थांबून मेंदूचं चित्र घ्यायचं, मग न उलटवता दुसरं घ्यायचं. वजाबाकीत उरतो तो रक्तप्रवाह. सुई नाही, औषध नाही, क्ष-किरण नाहीत. उलटवलेल्या दिशेची ही खूण काही सेकंदांत आपोआप पुसली जाते. म्हणून लहान मुलं आणि गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट इंजेक्शन न चालणारे मूत्रपिंडाचे रुग्ण यांना ही तपासणी सोयीची. दोन चित्रांतला फरक मात्र एखाद्या टक्क्याचाच, त्यामुळे तीच जोडी पुन्हा पुन्हा टिपावी लागते. तेव्हा यंत्रात गेल्यावर तंत्रज्ञ ‘डोकं हलवू नका’ म्हणाला, तर ते मनावर घ्या. अर्धी तपासणी तुमच्याच हातात असते.