येरवड्याचं मैदान गेलं, हडपसरचं राहू द्या

मे 1930. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ, भूमध्य समुद्राच्या काठावर अबुकीर नावाचा ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. तिथं एक जिप्सी मॉथ विमान अडकून पडलं होतं. विमान चालवणारा होता कराचीचा अस्पी इंजिनिअर, वय वर्षं सतरा. लंडनहून एकट्यानं निघून, युरोप आणि समुद्र ओलांडून तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचला होता. आता इंजिनाच्या स्पार्क प्लगनं दगा दिला होता आणि जवळ जादा प्लग नव्हते. अशात उलट्या दिशेनं, कराचीहून लंडनला निघालेलं दुसरं जिप्सी मॉथ तिथं उतरलं. त्यातून बाहेर आले पंचवीस वर्षांचे जेआरडी टाटा.

दोघं एकाच बक्षिसामागे होते. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधलं अंतर एकट्यानं, एका महिन्याच्या आत विमानानं कापणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखान पाचशे पौंड देणार होते. कुठल्याही टोकाकडून निघायची मुभा होती. जेआरडींनी स्वतःजवळचे प्लग काढून अस्पीच्या हातात ठेवले. अस्पीनं आपलं लाइफ जॅकेट त्यांना दिलं, कारण समुद्र ओलांडायचा आता त्यांना होता. अस्पी कराचीला पोचला आणि जेआरडी लंडनला. अस्पी काही तास आधी पोचला, त्यामुळे बक्षीस त्याला मिळालं. जेआरडींना त्याचं दुःख कधी झालं नाही. या विजयामुळे अस्पीची हवाई दलाची वाट सोपी झाली, याचा आनंदच ते पुढे सांगत.

या शर्यतीत तिसरा माणूसही होता, रावळपिंडीचे मनमोहन सिंग. विमानाचं नाव त्यांनी ‘मिस इंडिया’ ठेवलं होतं. खराब हवेमुळे दक्षिण इटलीत त्यांना डोंगरातल्या रस्त्यावर विमान उतरवावं लागलं आणि दुरुस्तीत दिवस गेले. ते कराचीला पोचले तेव्हा महिन्याची मुदत जेमतेम एका दिवसानं उलटली होती. पुढे त्यांनी इंग्लंडहून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत एकट्यानं विमान नेलं. 1942 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम बंदरावर जपानी विमानांनी हल्ला केला, त्यात ते गेले. एवढ्या मोठ्या वैमानिकाचं नाव आज किती शाळकरी मुलांना माहीत आहे?

जिप्सी मॉथ म्हणजे काय चीज होती, हे डोळ्यांसमोर आणायला हवं. लाकडी सांगाडा, पंखांवर ताणून बसवलेलं आणि रोगण दिलेलं कापड, शंभर अश्वशक्तीचं इंजिन, दोन उघड्या बैठका. वेग आजच्या द्रुतगती मार्गावरच्या एखाद्या घाईच्या मोटारीइतका. डोक्यावर छत नाही, रेडिओ नाही. मांडीवर नकाशा, समोर होकायंत्र आणि खाली दिसेल तो रूळ, नदी किंवा किनारा धरून जायचं. काही तासांनी टाकी रिकामी होई. त्यामुळे बसरा, बगदाद, गाझा अशा मुक्कामांवर उतरणं भागच असे. याच मे महिन्यात ॲमी जॉन्सन ही इंग्लिश तरुणी अशाच विमानातून ऑस्ट्रेलियाला चालली होती आणि 10 मे रोजी कराचीला उतरली होती. हवाई इतिहासात इतका गजबजलेला पंधरवडा क्वचितच सापडेल.

या सगळ्याचा पुण्याशी काय संबंध? संबंध दोन आहेत, आणि दोन्ही पुणेकरांना अभिमान वाटावा असे आहेत.

पहिला संबंध येरवड्याचा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन पुस मॉथ विमानातून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. देशाच्या नागरी विमानसेवेचा तो पहिला दिवस. पण जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. मग टाटांची सगळी मंडळी, म्हणजे विमानं, वैमानिक आणि मेकॅनिक, बाडबिस्तरा बांधून पुण्याला येत आणि येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या मैदानावरून टपालाची विमानं उडवत. याच तुरुंगात सप्टेंबर 1932 मध्ये पुणे करार झाला होता. टाटांचं पहिलं टपाल उडालं ते त्यानंतर तीन आठवड्यांनी. पुढच्या काळात ‘एअर इंडिया’ म्हणून जगभर गेलेल्या कंपनीनं बाळपणातले पावसाळे पुण्यात काढले आहेत. आज येरवड्यात त्याची एखादी खूण शोधू पाहणाऱ्याला ते मैदान सापडत नाही. शहर वाढलं आणि मैदान त्यात विरून गेलं.

दुसरा संबंध लोहगावचा. अबुकीरला प्लग शोधणारा तो सतरा वर्षांचा मुलगा पुढे एअर मार्शल अस्पी इंजिनिअर झाला. डिसेंबर 1960 ते जुलै 1964 या काळात ते हवाई दलाचे प्रमुख होते. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्तीची कारवाई झाली, तेव्हा दाभोळी विमानतळाची धावपट्टी निकामी करणारी कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं पुण्याच्या लोहगाव तळावरून उडाली होती. त्या वेळी हवाई दलाची धुरा अस्पींच्या हाती होती. कापडी पंखांच्या विमानातून निघालेला एक प्रवास असा लोहगावपर्यंत येऊन पोचतो.

आता कुणी म्हणेल, जुन्या विमानांची आठवण काढणं हा झाला हौशी लोकांचा छंद, पैसेवाल्यांचं वेड. या आक्षेपात तथ्य अजिबात नाही असं नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये क्रीट बेटावरून दक्षिण आफ्रिकेकडे जुन्या विमानांचा एक ताफा निघाला होता. 1920 आणि 1930 च्या दशकातल्या घडणीची ही दुपंखी विमानं इजिप्तमध्ये गिझाच्या पिरॅमिडांशेजारी उतरली. तिथून सुदान, इथिओपिया, केनिया, टांझानिया, झांबिया आणि बोट्स्वाना करत ती दक्षिण आफ्रिकेत पोचली. इथिओपियातल्या गांबेला इथं सगळ्यांना दोन दिवस अडकवून ठेवण्यात आलं. असा प्रवास खिशाला परवडणारे लोक थोडेच असणार.

पण त्या प्रवासाचं मोल तिकिटाच्या किमतीत मोजता येत नाही. नव्वद वर्षांचं इंजिन वाळवंटाच्या धुळीत रोज सकाळी सुरू ठेवायचं, तर ते उघडून पाहणारे हात लागतात. कापड कसं शिवायचं, तारा किती ताणायच्या, लाकूड कुठं कुजलंय हे बोटांनी कसं ओळखायचं, ही विद्या पुस्तकात अर्धीच असते. उरलेली अर्धी एका कारागिराच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते. विमान उडतं ठेवलं तरच ती टिकते. आपल्याकडे शहरोशहरी चौथऱ्यांवर लढाऊ विमानं बसवलेली दिसतात. त्यांना दरवर्षी रंग मिळतो, इंजिनाचा आवाज मात्र पुन्हा कधी मिळत नाही.

भारतीय हवाई दलाला याची जाण आहे. 1940 च्या दशकात घडलेलं एक डग्लस डकोटा विमान इंग्लंडमध्ये भंगारातून सोडवून दुरुस्त करण्यात आलं आणि राजीव चंद्रशेखर यांनी ते हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डकोटा चालवत असत. एप्रिल 2018 मध्ये हे विमान कोव्हेंट्रीहून निघालं आणि फ्रान्स, ग्रीस, जॉर्डन असे टप्पे घेत जामनगरला उतरलं. नाव ‘परशुराम’, क्रमांक व्हीपी 905. ऑक्टोबर 1947 मध्ये शीख रेजिमेंटच्या जवानांना घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा तो क्रमांक.

आणि धाडस म्हणाल तर ते मुंबईच्या आरोही पंडितकडे पाहावं. ‘माही’ नावाच्या, चारशे किलोंच्या आसपास वजनाच्या विमानातून मे 2019 मध्ये तिनं एकटीनं अटलांटिक ओलांडला. स्कॉटलंडहून निघून आइसलंड आणि ग्रीनलंड मागे टाकत ती कॅनडात उतरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिनं अलास्काहून रशियापर्यंत बेरिंगचा समुद्रही पार केला. 15 ऑक्टोबर 2021 रोजी ती जेआरडींच्या वाटेवर निघाली. कराचीहून निघणं शक्य नव्हतं म्हणून भुजहून उडाली, अहमदाबादला थांबली आणि जुहूला उतरली. जीपीएस आणि ऑटोपायलट न वापरता. आपल्या मुलांमध्ये धमक नाही, असं म्हणायला म्हणूनच जागा नाही.

जागा नाही ती मैदानांना. भारतात सोळाव्या वर्षी शिकाऊ वैमानिकाचा परवाना मिळू शकतो आणि सतराव्या वर्षी खासगी वैमानिकाचा. म्हणजे अस्पीनं जे वय गाठलं होतं त्या वयात आजचं पुणेरी पोरही कायद्यानं विमान उडवू शकतं. पण कुठं? लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. प्रवासी विमानांनाच तिथं गर्दी होते. पुरंदरच्या विमानतळाची चर्चा चालते ती मोठ्या विमानांसाठी. बॉम्बे फ्लाइंग क्लबसारख्या जुन्या संस्थेलाही प्रशिक्षणासाठी मुंबई सोडून धुळ्याला जावं लागलं.

इंधनाचंही तसंच. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांना ॲव्हगॅस नावाचं वेगळं पेट्रोल लागतं आणि देशातल्या बहुतेक विमानतळांवर फक्त जेट विमानांचं इंधन मिळतं. 2022 पर्यंत हे पेट्रोल आपण परदेशातून आणत होतो. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये इंडियन ऑइलनं वडोदऱ्याच्या रिफायनरीत तयार केलेलं ॲव्हगॅस बाजारात आणलं, ही खरोखर चांगली गोष्ट झाली. परवान्यांची वाट मात्र अजून बिकट आहे. कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांना त्याची नोंदणी व्हावी म्हणून 2011 पासून 2017 पर्यंत वाट पाहावी लागली.

अशा परिस्थितीत पुण्याकडे एक ठेवा आहे आणि तो हडपसरला आहे. केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग सेंटर स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथं सुरू झालं. ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच असते, तिच्या रिळावर पोलादी दोर गुंडाळत जातो. एक माणूस पंखाचं टोक हातात धरून ग्लायडर सरळ ठेवतो आणि दोर ताणला की चार पावलं बरोबर पळतो. काही क्षणांत चाक जमीन सोडतं, नाक आभाळाकडे जातं. वर पोचल्यावर वैमानिक खटका ओढतो आणि दोर सुटून खाली पडतो. मग फक्त वाऱ्याचा आवाज. वर चढणारी गरम हवा कुठं आहे हे घारी सांगतात. जिथं घार पंख न हलवता गोल फिरते, तिथं वैमानिक आपला ग्लायडर नेतो. उडण्याची इतकी शुद्ध शिकवणी दुसरी नाही, आणि ती इंजिनाच्या विमानाच्या तुलनेत कितीतरी स्वस्त पडते.

या मैदानाच्या चारी बाजूंना आता हडपसर आणि फुरसुंगीची वस्ती आहे. मोकळी सपाट जमीन या शहरात फार काळ मोकळी राहत नाही. येरवड्याचा अनुभव समोर आहे. हडपसरच्या जमिनीवर उद्या रस्ता, डेपो किंवा संकुल हवं, अशी मागणी झाली, तर प्रत्येक मागणीला सबळ कारण असेल. पण ग्लायडर उतरवायला लागणारं मैदान एकदा गेलं की ते पुन्हा विकत घेता येत नाही. जमीन आहे तोवरच तिथं काही करता येईल. एक हँगर, त्यात उडतं ठेवलेलं एक टायगर मॉथ आणि आयटीआयच्या मुलांना त्या विमानावर काम शिकवणारे दोन जुने मेकॅनिक, एवढ्यानं सुरुवात होईल. यात केंद्राची जमीन, महापालिकेचा हात आणि पुण्यातल्या उद्योगांचा पैसा एकत्र आला, तर काम अवघड नाही. टाटांचा मोठा कारखाना पिंपरी-चिंचवडमध्ये आहे. आपल्या कंपनीनं पहिले पावसाळे कुठं काढले, याची त्यांना कुणीतरी आठवण करून द्यायला हवी.

मे 2030 मध्ये अबुकीरच्या त्या भेटीला शंभर वर्षं होतील. 15 ऑक्टोबर 2032 रोजी टाटांच्या टपालाच्या पहिल्या उड्डाणाला. लंडन ते कराची ही पूर्ण वाट आजच्या जगात छोट्या विमानाला मोकळी मिळणं कठीण आहे. पण इंग्लंडहून अलेक्झांड्रियापर्यंतचा, युरोप ते आफ्रिका हा टप्पा भारतीय वैमानिकांनी जुन्या मॉथमधून पुन्हा उडावा, त्याची तयारी हडपसरला व्हावी आणि त्यात पुण्याची सतरा-अठरा वर्षांची मुलं-मुली असावीत, ही मागणी आताच करायला हवी, कारण असं एक विमान दुरुस्त करायलाच काही वर्षं जातात. हडपसरच्या मैदानाबद्दल कधी हरकती-सूचना मागवल्या गेल्या, तर वाचकांनी त्या मुदतीत लिहून पाठवाव्यात आणि पहिल्या ओळीत एवढंच लिहावं: ही जमीन उडण्यासाठी राखून ठेवा.