इच्छा कोणाची, भोग कोणाचे?

अ‍ॅलिस्टर क्रोली (१८७५–१९४७) या इंग्रज गूढविद्योपासकाच्या बंडखोरीचे तरुणांना आजही आकर्षण वाटते, आणि ते मी समजू शकतो. 'प्लिमथ ब्रदरन' या कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या घरात तो वाढला. त्या जाचाविरुद्ध तो उठला यात नवल नाही. १९०४ साली कैरो येथे एका अदृश्य शक्तीने तीन दिवसांत आपल्याला एक ग्रंथ सांगितला, असा त्याचा दावा होता. स्वतःची खरी इच्छा हाच धर्म आणि 'का?' असे विचारणारी बुद्धी तुच्छ, असा त्या ग्रंथाचा आशय आहे.

मी बालरोगतज्ज्ञ असल्याने अशा माणसाचे चरित्र वाचताना माझे लक्ष त्याच्या मुलांकडे जाते. १९०५-०६ मध्ये क्रोलीने पत्नी रोझ व तान्ही मुलगी यांना बरोबर घेऊन ब्रह्मदेशातून दक्षिण चीनमध्ये खडतर प्रवास केला. पुढे मायलेकींना वेगळ्या वाटेने परत पाठवून तो शांघायला गेला. रंगूनमध्ये ती मुलगी विषमज्वराने दगावली. तिला दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्या काळी या रोगावर प्रतिजैविक नव्हते, म्हणून मृत्यूचा दोष मी त्याच्या माथी मारणार नाही. परंतु त्याने तो पत्नीच्या माथी मारला. इच्छा त्याची होती. भोग मात्र त्या दोघींच्या वाट्याला आले.

क्रोलीची मूळ चूक मला अशी दिसते, की रूढी आणि बुद्धी यांना त्याने एकाच माळेचे मणी मानले. आपणां डॉक्टरांचा अनुभव याच्या उलट आहे. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइसने प्रसूतिकक्षातील डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणाने हात धुवायला लावून प्रस्थापित रूढी मोडली. सूतिकाज्वराने होणारे मृत्यू एप्रिलमधील सुमारे १८ टक्क्यांवरून जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले. हेही बंडच होते. पण ते 'का?' या प्रश्नातून जन्मले होते.

'आमचे मूल, आमची इच्छा' असे म्हणून लस नाकारणारे सुशिक्षित पालक मला भेटतात. मी त्यांच्यावर रागावत नाही. त्यांना 'का?' असे विचारतो, आणि त्यांनी मला तोच प्रश्न विचारला तर सविस्तर उत्तर देतो. मांडीवरच्या मुलाला तो प्रश्न विचारता येत नाही. त्याच्या वतीने तो आपणच विचारायला हवा.