शस्त्रक्रियेआधी शिकायचा व्यायाम

आमच्या मामांची प्रोस्टेट ग्रंथी कॅन्सरमुळे काढली. शस्त्रक्रियेनंतर लावलेली लघवीची नळी निघाली आणि त्यांचं बाहेर जाणंच थांबलं. लग्नकार्य नको, एसटीचा प्रवास नको. ‘थंडी सोसत नाही’ असं सांगायचे. खरं कारण फक्त मामींना ठाऊक होतं: खोकला आला, खुर्चीतून उठलं की कपडे ओले व्हायचे.

लघवी रोखण्याचं काम ज्या स्नायूंच्या झडपा करतात, त्यांना ही ग्रंथी काढताना धक्का बसतो. मग भार येतो ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ते झोळीसारखे ताणलेले असतात. दंडाच्या स्नायूंसारखेच तेही व्यायामाने बळकट होतात.

अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये हा व्यायाम बाळंतपणानंतर लघवी सुटणाऱ्या स्त्रियांसाठी मांडला. म्हणून तो बायकांचाच, असा समज रुजला. पण योगातला मूळबंध याच भागाच्या आकुंचनाचा आहे, आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात त्याचं वर्णन आहे. तिथला हेतू साधनेचा, पण शरीराचा भाग तोच.

तो असा करायचा. वायू सरताना रोखतो तसं गुदद्वार आत ओढायचं आणि लघवीची धार थांबवतो तसं पुढूनही आवळायचं. आरशासमोर उभं राहून आवळलं, की शिश्नाचं मूळ किंचित आत जातं, वृषण वर उचलले जातात. तसं दिसलं तर स्नायू बरोबर सापडला. पोट, मांड्या, नितंब सैल हवेत आणि श्वास चालू. पाच सेकंद आवळायचं, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसं दहा सेकंदांपर्यंत वाढवायचं. खोकला येतोय किंवा उठायचंय असं वाटलं की आधी आवळायचं. मात्र लघवी करताना धार तोडण्याचा रोजचा सराव नको, त्याने मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही. नळी असेपर्यंतही हा व्यायाम नको. आणि ओटीपोटात सतत दुखत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. स्नायू आखडलेले असतील तर आवळून दुखणं वाढतं.

फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, कधी जास्तही. मामांनी चिकाटीने केलं, आणि हळूहळू ते पुन्हा गावोगावी जाऊ लागले. पण मधले कितीतरी दिवस त्यांनी घरात लाजत काढले, याचं मला फार वाईट वाटतं. हा स्नायू शस्त्रक्रियेआधीच ओळखीचा झाला, तर नंतर तो शोधत बसावं लागत नाही.

म्हणून घरातल्या कुणाची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया ठरली, की त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, ‘हा व्यायाम कोण शिकवेल?’ रुग्णाला संकोच वाटत असेल, तर तुम्ही विचारा.