कुलपे वाढली, घरेही वाढली

जुन्या इंदुरातल्या गल्लीतून दिवेलागणीच्या वेळी एकदा फिरून पाहावे. होळकरांच्या काळापासून नांदत्या वाड्यात आज एक-दोन खोल्यांत उजेड दिसतो, बाकीच्यांना कुलूप. तिकडे बायपासला मात्र नव्या इमारती उभ्या राहतच आहेत. मग एवढी घरे कोणासाठी, असे आपली वडीलधारी मंडळी विचारतात.

उत्तर साध्या गणितात आहे. शंभर माणसे पाच-पाचच्या कुटुंबात राहिली, तर वीस घरे लागतात. चार-चारच्या कुटुंबात राहिली, तर पंचवीस. एकही माणूस न वाढता मागणी पाव पटीने वाढली! शिवाय इंदूरची वस्ती २००१ साली सुमारे पंधरा लाख होती, ती २०११ मध्ये वीस लाखांच्या घरात गेली. तेव्हा आजची मागणी खोटी नाही.

पण पुढचे पान वेगळे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशाचा जननदर २.० वर आला. शहरांत तर तो १.६ च आहे. आपल्या घरांत एकच अपत्य ही आता नवलाची गोष्ट नाही. एकुलता मुलगा आणि एकुलती मुलगी यांचे लग्न झाले, की दोन्हीकडची घरे त्यांच्या वाट्याला येणार, आणि ती दोघे राहणार पुण्यात किंवा बेंगळुरूत, तिसऱ्याच घरात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली होती, हे विसरू नये.

दुसरीकडे २०३६ पर्यंत देशात साठीपुढची माणसे सुमारे पंधरा टक्के होतील, असा सरकारी तज्ज्ञगटाचा अंदाज आहे. त्यांना लिफ्टविना तिसरा मजला नको. दवाखाना आणि शेजार जवळ असलेले लहान घर हवे.

बँकेच्या काउंटरमागे बसून आम्ही एक गोष्ट वारंवार पाहतो. वाडा लाखमोलाचा, पण कागद आजोबांच्या नावावर! नामांतर नाही, वाटणीपत्र नाही. २००७ पासून ज्येष्ठांसाठी रिव्हर्स मॉर्गेजची सोय आहे. घरात राहूनच बँकेकडून पैसे मिळतात. परंतु घर स्वकष्टार्जित आणि कागद निर्वेध हवेत. सामाईक वाड्याला तिचा उपयोग नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला आहे. त्यांना वगळून केलेली वाटणी पुढे कोर्टातच जाते.

मग अडला हरी! बिल्डर सांगेल त्या भावाला वाडा जातो, कुटुंबे चार दिशांना पांगतात. वस्ती विखुरली, की वॉर्डात आपला शब्दही हलका होतो.

म्हणून आमची विनंती आहे. वडीलधाऱ्यांनी हयातीतच मृत्युपत्र आणि नामांतर उरकावे. ज्यांचे वाडे पाडून बांधायचे आहेत, त्यांनी तळमजल्यावर ज्येष्ठांसाठी लहान घरे राखावीत. आणि कुलूप लावलेल्या खोल्या रीतसर करार करून शिकायला, नोकरीला येणाऱ्या तरुणांना द्याव्यात. मंडळाने अशा घरांची एक नोंदवही उघडावी, असा ठराव येत्या वार्षिक सभेत यावा. वाडा टिकेल न टिकेल. वस्ती टिकवणे अजून आपल्या हातात आहे.